पावणे, एकोण आणि हातचा: घरच्या गणिताला वर्गात जागा हवी

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक शाळांत पोचलं आणि ‘वीस एक, वीस दोन’वरून राज्यभर गदारोळ उठला. बावीसला ‘वीस दोन’, त्र्याण्णवला ‘नव्वद तीन’ असंही वाचता येतं, असं त्या पुस्तकाने सुचवलं होतं. गणित विषय समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी कारणही दिलं होतं: मराठी संख्यानामांतली जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. पण कारण ऐकायला फारसं कुणी थांबलं नाही. विधिमंडळात विनोद झाले, समाजमाध्यमांवर मराठी बुडाल्याची हाकाटी झाली आणि काही आठवड्यांत सगळं शांतही झालं. भाषा वाचवायची की मुलांना सोपं करायचं, एवढ्याच दोन बाजू त्या वादात होत्या. ज्या शब्दांमुळे मूल अडखळतं, त्याच शब्दांत त्याला उपयोगी पडणारं गणितही दडलेलं आहे, ही तिसरी गोष्ट कुणी बोललंच नाही.

अडचण खरी आहे. आपण लिहिताना आधी दशक लिहितो, बोलताना मात्र आधी एकक उच्चारतो. ‘पंचवीस’मध्ये कानावर आधी पाच येतो, म्हणून मूल ५२ लिहितं. ‘बावन्न’मधला ‘वन्न’ म्हणजे पन्नास आणि ‘बाहत्तर’मधला ‘हत्तर’ म्हणजे सत्तर, हे सांगितल्याशिवाय कळायला जागाच नाही. त्यामुळे शंभरपर्यंतचं जवळजवळ प्रत्येक नाव सुटं पाठ करावं लागतं. कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे सरळ वीस आणि एक, तिथल्या मुलाचा हा भार पुष्कळ हलका असतो. शंभराच्या पुढे मराठीही सरळ होते, पण तिथे दुसरीच चूक भेटते. ‘एकशे पाच’ मूल १००५ असं लिहितं: आधी शंभर, पुढे पाच. त्याने ऐकलं ते प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं आणि आपण त्यावर लाल फुली मारतो.

सगळ्यांत जास्त घोळ ‘एकोण’चा. एकोणतीस ऐकून कुणी ३९ लिहितं, कारण तीस ऐकू आलं आणि शेवटी नऊ असतो एवढं आठवलं. कुणी ३१ लिहितं, कारण एक आणि तीस. पण एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे एकदा संख्यारेषेवर बोट ठेवून दाखवलं की हाच शब्द हत्यार होतो. २९ आणि १७ ची बेरीज हातचा न घेता तोंडी होते: तीस आणि सतरा सत्तेचाळीस, एक कमी, शेहेचाळीस. ही रीत १९ पासून ८९ पर्यंत आठ ठिकाणी चालते आणि नव्व्याण्णवला मोडते. मुलांना हा अपवाद शोधायला दिला तर ती अर्धा तास त्यातच रमतात.

मग ‘वीस दोन’चं करायचं काय? नॉर्वेने १९५१ साली सरकारी निर्णयाने संख्या वाचण्याचा क्रम बदलला, आधी दशक आणि मग एकक असा केला. सत्तर वर्षं उलटली तरी जुनी रीत तिथल्या बोलण्यातून पुरती गेलेली नाही. सरकारी आदेशाने घरातली आजी ‘बावीस’ म्हणायची थांबणार नाही, हे आपणही धरून चालावं. ‘वीस दोन’ ही मधली पायरी आहे, तिला तेवढंच स्थान द्यावं. दोन मुलांच्या जोडीला साठेक काड्या आणि रबरं द्या. बावीस काड्या मोजून दहाच्या दोन गड्ड्या बांधायच्या, दोन सुट्या. पहिल्यांदा म्हणायचं ‘दोन दहा आणि दोन’, काही दिवसांनी ‘वीस आणि दोन’, मग ‘बावीस’. सोबत स्थानिक किमतीची कार्डं हवीत: दशकाचं कार्ड दुप्पट रुंद, त्याच्या शून्यावर एककाचं कार्ड बरोबर बसतं. शंभराचं कार्ड तिप्पट रुंद असलं की त्यावर पाच ठेवून १०५ दिसतं आणि १००५ ची चूक मुलाच्या स्वतःच्या लक्षात येते. पाच-सहा आठवडे रोज दहा मिनिटं, एवढं पुरतं. बहुतेक वर्गांत हे बिघडतं ते काड्या पहिल्या आठवड्यातच कपाटात गेल्यामुळे, किंवा शिक्षक स्वतःच गड्ड्या बांधून दाखवतात आणि मुलं बघत बसतात त्यामुळे.

मुलाच्या घरची भाषा, घरची मोजणी, घरातला व्यवहार वर्गात आणून त्यावर गणित उभं करायचं, याबद्दल जगभर बरंच लिहिलं गेलं आहे. ब्राझीलचे गणितज्ञ उबिरातान द’अँब्रोसिओ यांनी वेगवेगळ्या समाजांच्या गणिती रीतींचा अभ्यास ही स्वतंत्र शाखा म्हणून मांडली. अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ साली संस्कृतीशी नातं ठेवणाऱ्या अध्यापनाचे तीन निकष सांगितले: मुलांची अभ्यासात खरी प्रगती, आपल्या संस्कृतीशी टिकलेलं नातं आणि समाजातल्या विषमतेकडे डोळसपणे बघण्याची ताकद. हा विचार आपल्याकडे आला तेव्हा पहिला आणि तिसरा निकष वाटेत गळाला. उरला तो मधला, आणि त्याचाही अर्थ उदाहरणात सफरचंदाच्या जागी आंबा घालणं एवढाच झाला. पुस्तकातल्या शेतकऱ्याने साठ टरबुजं विकली काय किंवा जहाजाने साठ पेट्या नेल्या काय, बेरजेला काही फरक पडत नाही. संदर्भ खरा की नुसती सजावट, हे तपासायची सोपी कसोटी आहे: तो काढून टाकला तर मुलाचा विचार करण्याचा मार्ग बदलतो का? बदलत नसेल, तर आंबा असो की सफरचंद, पानावरची शाई तेवढी खर्ची पडली.

या कसोटीला उतरणारी गोष्ट मराठीत भरपूर आहे आणि ती आपण जवळजवळ फेकून दिली आहे. जुन्या शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणून घेत. औट म्हणजे साडेतीन. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे: अपूर्णांकांची एवढी गजबज असलेली बोलीभाषा मुलाला जन्मतःच मिळते. तिसरीतलं मूल ‘पावणेअकराला ये’ हे अचूक समजतं. पाचवीत त्याला १/४ + १/२ विचारलं की ते २/६ लिहितं. तेच तोंडी ‘पाव किलो आणि अर्धा किलो?’ असं विचारा. उत्तर ‘पाऊण’ येतं, तेही लगेच. दोन्ही उत्तरं एकाच डोक्यात शेजारी राहतात आणि त्यांची गाठ कुणी घालून देत नाही.

या शब्दांचं दुसरं काम त्याहून मोठं आहे. सव्वाशे म्हणजे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, अडीच हजार २५००, सव्वा लाख १,२५,०००. इथे सव्वा हा पुढच्या एककावर काम करतो, शंभर असो की लाख. वरच्या इयत्तांत जे ‘गुणोत्तर आणि प्रमाण’ म्हणून शिकवायचं, ते मूल सहाव्या वर्षी बोलत असतं. सवायकीत ‘आठ सव्वा दहा’ येतं; ज्याला ते येतं त्याला १२५ × ८ = १००० साठी वही लागत नाही. अडीचकीत सोळा अडीच चाळीस; म्हणून १६ × २५ = ४००. पाठांतर परत आणा असं मी म्हणत नाही. हे कोष्टक मुलांनी स्वतः बांधावं.

त्यासाठी चौथी-पाचवीत २४ सेंमी लांबीच्या कागदी पट्ट्या घ्याव्यात. २४ मुद्दाम, कारण तिचे चारही भाग पूर्ण सेंटिमीटरात होतात आणि तीनही. घडी घालून पाव म्हणजे ६ सेंमी, अर्धी १२, पाऊण १८. दुसरी पट्टी जोडली की सव्वा ३०, दीड ३६. पट्टीवर एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला १/४, ३/४, १ १/४ लिहायचं. या टप्प्यावर तीन चुका ठरलेल्या. पहिली: ‘पावणेचार’ ऐकून ४.२५ लिहिणं, इथे एकोणची आठवण द्यावी, दोन्हीकडे पुढच्या संख्येतून कमी करायचं आहे. दुसरी: ‘साडेएक’, ‘साडेदोन’ म्हणणं. मुलाचं तर्कशास्त्र बरोबर आहे, भाषेनेच तिथे दीड आणि अडीच हे वेगळे शब्द ठेवलेत. तसं त्याला सांगावं, हसू नये. तिसरी: ०.२५ हे ०.५ पेक्षा मोठं, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे. ‘पाव मोठा की अर्धा?’ एवढा प्रश्न पुरतो, पण ०.२५ म्हणजे पाव हे आधी जोडलेलं असेल तरच. मग पट्टीचे तीन भाग करायला सांगायचे. ८ सेंमीच्या या तुकड्याला बोलीत ‘पाव’सारखं सुटसुटीत नाव नाही, ‘तिसरा हिस्सा’ म्हणावं लागतं. दोन-सप्तमांशाला तर तेही जमत नाही. अंश-छेदाची लिपी कशासाठी शोधली गेली, हे मुलाला इथे पटतं. घरचे शब्द जिथे संपतात तिथवर घरच्या शब्दांनी चालत जाणं, हीच या पद्धतीची रीत आहे आणि शिकवणाऱ्याला ती हद्द माहीत असावी लागते.

नाही तर काय होतं, याचे पुरावे आहेत. १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धंद्यातल्या प्रश्नांची ९८.२ टक्के उत्तरं त्यांनी बरोबर दिली. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या अंकांत विचारली तेव्हा ३६.८ टक्के. दहा नारळ, प्रत्येकी ३५: मुलाने तीन नारळांचे १०५, सहाचे २१०, असं करत ३५० गाठले. ‘शेवटी शून्य द्या’ ही शाळेची रीत त्याने वापरली नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला. बाजारात काम करणारी मुलं गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करत होती आणि शाळेच्या पद्धतीची साधी उदाहरणं चुकत होती. उलट बाजूही तितकीच बोलकी निघाली: फक्त शाळेत शिकणारी मुलं बाजारातले हिशेब करताना अडखळली. दोन गणितं आपोआप एकमेकांत मिसळत नाहीत, ना इकडून तिकडे, ना तिकडून इकडे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. बाकीच्या सगळ्यांना घरी वाटे करता येत नसतील, हे मला पटत नाही.

म्हणून जोडण्याचं काम तासातच करावं लागतं. समजा प्रश्न आहे: मेथीची जुडी १५ रुपयांना, आठ जुड्यांचे किती? वही बंद ठेवून विचारा. कुणी दुप्पट करत जाईल: तीस, साठ, एकशेवीस. कुणी आठ दाहे ऐंशी आणि आठ पंचे चाळीस म्हणेल. कुणी बोटांवर पंधरा-पंधरा मोजेल. तीन-चार रीती फळ्यावर मुलाच्या शब्दांत, त्याच्या नावासकट लिहा. इथे शिक्षकांचीच एक चूक वारंवार दिसते: १५ + १५ = ३० + ३० = ६० + ६० = १२० असं लिहिणं. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू समान राहिल्या नाहीत आणि हीच सवय आठवीत समीकरणं सोडवताना आडवी येते. त्याऐवजी दोन ओळींचा तक्ता काढा, वर जुड्या १, २, ४, ८ आणि खाली रुपये १५, ३०, ६०, १२०. मग दुसऱ्या मुलाची रीत आणि उभी मांडणी शेजारी ठेवून विचारा, या मांडणीतला ‘हातचा चार’ तुझ्या चाळीसमध्ये कुठे आहे? तासाचं खरं मोल असलेला प्रश्न हाच. शेवटी ३७ × ४६ द्या. दुप्पट करण्याची रीत इथे दमते. एक आयत काढून बाजू ३० आणि ७, ४० आणि ६ अशा तोडल्या की १२०० + १८० + २८० + ४२ = १७०२ मिळतात आणि लेखी गुणाकार म्हणजे याच चार तुकड्यांची आटोपशीर मांडणी, हे दिसतं. चाळीस मिनिटांत हे बसतं, फक्त पाच उदाहरणांऐवजी दोनच होतात. सगळं करून शेवटी ‘बरं, आता खरी रीत बघू’ असं म्हटलं की तासावर पाणी पडतं. मुलं ते एक वाक्य लक्षात ठेवतात.

वजाबाकीचंही तेच. ५०० − ३६५ उभ्या मांडणीत दिलं की २६५ हे उत्तर हटकून येतं, कारण मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढतं: पाचातून शून्य पाच, सहातून शून्य सहा, पाचातून तीन दोन. गल्ल्यावर बसणारं पोर पाचशेची नोट घेऊन मोड परत देतं तेव्हा वर मोजत जातं: पाच दिले तीनशे सत्तर, तीस दिले चारशे, शंभर दिले पाचशे, एकूण १३५. आकडे नसलेल्या रिकाम्या संख्यारेषेवर या तीन उड्या काढून दाखवल्या की ही रीत लेखी होते, कुणालाही तपासता येते. दोन सलग शून्यांतून हातचा घेण्यापेक्षा ती सुरक्षितही आहे.

शाब्दिक उदाहरणांत मात्र आपण मुलांना सरळ सरळ चुकीचं शिकवतो. ‘एकूण’ म्हणजे बेरीज, ‘उरले’ म्हणजे वजाबाकी, असे सूचक शब्द पाठ करून घेतले जातात. मग ‘रमाकडे काही गोट्या होत्या, ५ दिल्यावर ८ उरल्या, आधी किती?’ याचं उत्तर तीन येतं. ‘राजूकडे मीनापेक्षा ५ जास्त’ दिसलं की बेरीज, मग राजूचेच माहीत असून मीनाचे विचारलेले असोत. प्रश्न आधी अंक झाकून वाचा, मुलांना दोन ओळींत घडलेलं सांगू द्या, मग अंक उघडा. सूचक शब्दांचे तक्ते भिंतीवरून उतरवलेलेच बरे.

सांस्कृतिक गणित म्हटलं की रांगोळी येतेच. ‘सममितीची रेषा काढा’ एवढ्यावर ती संपवतात, हे वाया घालवणं आहे. ठिपक्यांच्या रांगोळीतली ‘१३ ते ७’ ही सूचना घ्या: मधल्या ओळीत १३ ठिपके, दोन्ही बाजूंना एकेक कमी होत ७ पर्यंत. एकूण ठिपके किती? ‘५ ते ३’पासून सुरुवात करा: ३, ४, ५, ४, ३ मिळून १९. ‘७ ते ४’चे ३७. ‘३ ते २’चे ७. १, ७, १९, ३७ या क्रमातले फरक ६, १२, १८, कारण मधल्या ठिपक्याभोवती षटकोनाची एकेक कडी चढत जाते. आठवीतलं मूल इथून सूत्रापर्यंत जातं: बाजूवर न ठिपके असतील तर ३न(न − १) + १. ‘१३ ते ७’मध्ये बाजूवर सात, म्हणजे १२७, मोजून ताळा घेता येतो. संदर्भ इथे सजावट नाही, प्रश्न त्याच्याच पोटातून आला आहे. ठिपके सगळ्यांनी काढायचे, मुलींनी रांगोळी आणि मुलग्यांनी गणित अशी वाटणी नको.

जमिनीचं उदाहरण याहून समृद्ध आणि याहून नाजूक. गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फूट. सातबारावर मात्र क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा सुमारे १०१.१७, म्हणून लोक दोन्ही एकच मानतात. शंभर आरला सव्वा गुंठ्याच्या आसपास फरक पडतो, आणि तो कुणाच्या बाजूने पडतो हा प्रश्न सातवी-आठवीच्या मुलांना सोडवायला द्यावा. ‘दोन एकर पंधरा गुंठे’ बहुतेक मुलं २.१५ एकर लिहितात. बरोबर उत्तर २ + १५/४० म्हणजे २.३७५. दोन तास पंधरा मिनिटांना २.१५ तास लिहिण्याची चूकही हीच आहे: दशांशचिन्हाच्या पुढे नेहमी दहाचाच हिशेब चालतो, चाळीसचा किंवा साठचा नाही.

पण ‘उद्या येताना घरचा सातबारा आणा’ असं सांगू नका. वर्गातल्या कित्येक घरांत जमीन नाही, आणि कोणाच्या घरात नाही हे गावात जातीनिशी सगळ्यांना माहीत असतं. गणिताच्या तासाला ते उघडं पाडायचं कारण नाही. नमुन्याचा एकच उतारा सगळ्यांना द्यावा आणि जोडीला मजुरीचे हजेरीपत्रक, वीटभट्टीचा हजारी दर, ऊसतोडीचा टनाचा भाव यांचेही प्रश्न घ्यावेत. ‘आपली संस्कृती’ म्हणताना पुस्तक लिहिणाऱ्याच्या मनात सहसा एकाच प्रकारचं घर असतं. लॅडसन-बिलिंग्ज यांचा तिसरा निकष इथे लागू होतो: आगाऊ उचल घेतलेल्या रकमेची मजुरीतून वजावट कशी होते, हे नववीच्या मुलाने काढून पाहिलं तर गणितही येतं आणि घरातला कागदही वाचता येतो. बाजारात कमावणाऱ्या मुलाच्या हुशारीचं कौतुक करताना ते मूल शाळेत असायला हवं होतं, याचा विसर पडू नये.

भाषेचा प्रश्न आदिवासी भागात सगळ्यात तीव्र आहे. कोरकू, गोंडी, कोलामी, भिली बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा ‘जास्त’, ‘कमी’, ‘पेक्षा’, ‘उरले’, ‘वाटून दे’ हे शब्दच त्याला नवे असतात. ते मोजू शकतं, प्रश्न त्याला कळत नाही. तिथल्या शिक्षकाने वीसपर्यंतची संख्यानामं आणि असे पंधरा-वीस शब्द मुलांच्या भाषेत शिकून घ्यावेत, गावातल्या कुणाकडून तरी उच्चार तपासून. मराठीतही जुनी माणसं ‘तीन विसा आणि पाच’ म्हणून ६५ मोजत. विसाच्या गटाने मोजणं मुंडा कुळातल्या भाषांतही आढळतं. कुणाच्या घरात ते चालत असेल तर दहाचा गट आणि विसाचा गट यांची तुलना हा उत्तम पाठ आहे.

शहरात आणि तालुक्याच्या गावी हीच अडचण सेमी-इंग्रजीच्या रूपाने येते. वर्गात ‘फॉर्टी नाइन’, घरी ‘एकोणपन्नास’. परिणामी मूल दोन्हीकडे हळू होतं, आणि तोंडी हिशेबाची घरची रीत इंग्रजी वर्गात मूक होते. पालकांची इंग्रजीची ओढ समजण्यासारखी आहे, तिच्याशी भांडून उपयोग नाही. पाठ्यपुस्तक इंग्रजीत असू द्या, विचार मराठीत मोठ्याने बोलू द्या, मग इंग्रजीत लिहून घ्या. हे चोरून करण्याची वेळ शिक्षकावर येऊ नये, शाळेने तसं जाहीर करावं.

या सगळ्यावर वजनदार आक्षेप एकच आहे. गरिबाच्या पोराला भाजीचा हिशेब आणि श्रीमंताच्या पोराला बीजगणित, अशी वाटणी यातून होईल. आक्षेप खोटा नाही. व्यवहारी गणिताच्या नावाखाली मुलांना खालच्या पायरीवर थांबवलं गेल्याचं पुष्कळ ठिकाणी दिसतं. म्हणूनच वर म्हटलं की घरची रीत जिथे दमते तो प्रश्न त्याच तासात यायला हवा. ३७ × ४६, दोन-सप्तमांश, न ठिपक्यांचं सूत्र: पोचायचं ठिकाण सगळ्यांसाठी तेच. प्रत्येक गोष्टीला घरचा संदर्भ शोधत बसण्याचीही गरज नाही. ऋण गुणिले ऋण धन का, याला कर्जाच्या गोष्टी लावल्या की गोंधळ वाढतो. −३ × २, −३ × १, −३ × ० असा क्रम पुढे नेला की −३ × −१ चं उत्तर मूल स्वतः सांगतं. गणिताला कधीकधी गणितच पुरतं. आणि ‘वैदिक गणित’ म्हणून जे विकलं जातं, ते १९६५ साली छापल्या गेलेल्या झटपट आकडेमोडीच्या युक्त्या आहेत, त्यांचा वेदांशी संबंध सिद्ध झालेला नाही. त्यांनी ९८ × ९७ चटकन येतं. का येतं हे बीजगणिताने सिद्ध करून दाखवलं तर चांगला पाठ होतो, नाही तर हातचलाखी. तिला संस्कृतीचं शिक्षण म्हणू नये.

राहता राहिला शिक्षक आणि परीक्षा. १९६७ साली स्थापन झालेली बालभारती राज्यभर एकच पुस्तक पुरवते आणि त्याचे फायदे मोठे आहेत. ते मोडू नये. पण प्रत्येक जिल्ह्याच्या ‘डाएट’ने, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने, इयत्तावार पंचवीस-तीस पानांची पुरवणी काढायला काय हरकत आहे? धुळे-नंदुरबारमधली भिलीतली संख्यानामं, कोल्हापुरातलं ऊसबिल, रत्नागिरीतली आंब्याच्या पेटीतली डझनांची मांडणी. डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या अभ्यासक्रमात मुलांच्या चुकांचं वाचन हा विषय असावा: २६५ कुठून आले, १००५ का लिहिलं. जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, म्हणजे केंद्राच्या, शिक्षण परिषदेत शिक्षकांनी माहितीचे तक्ते भरण्याऐवजी अशा दहा वह्या समोर ठेवून तासभर बोलावं.

आणि तपासणीच्या सूचना बदलाव्यात, त्याला तर पैसेही लागत नाहीत. आज संख्यारेषेवर उड्या काढून १३५ लिहिणाऱ्या मुलाचे गुण ‘रीत दाखवली नाही’ म्हणून कापले जातात. नियतकालिक मूल्यांकन चाचणीच्या उत्तरसूचीत प्रत्येक आकडेमोडीच्या प्रश्नाखाली दोन-तीन मान्य रीती छापाव्यात: उभी मांडणी, रिकामी संख्यारेषा, आयताचे तुकडे. उत्तर बरोबर आणि वाट वाचता येते, तर पूर्ण गुण. उत्तर चुकलं पण वाट बरोबर, तर वाटेचे गुण. पहिल्या वर्षी तपासायला वेळ जास्त लागेल, कारण शिक्षकाला प्रत्येक वही खरोखर वाचावी लागेल.